अक्काचा फोटो छापून आला

समस्त नातलग, स्नेही आणि माझ्या कॅमेऱ्यापासून लपून बसणारे शेजारी यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की अस्मादिक अमर झाले आहेत. एका इंग्रजी सचित्र मासिकाने माझा फोटो छापला. अर्धं पान. उरलेल्या अर्ध्यात केसांच्या तेलाची जाहिरात होती, पण अर्ध्या पानाचं अमरत्वही अमरत्वच. ते दाखवायला मी पुण्याहून बंगलोरची गाडी पकडली.

कारण फोटो तिथलाच होता. आदल्या हिवाळ्यात मी माझा मित्र व्यंकट याच्याकडे उतरलो होतो. व्यंकट विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं. घरात मराठीच, पण कानडीत मुरलेली. त्याची आई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, मागच्या पडवीत अवरेकाळू (पावट्याचे दाणे) सोलत बसली होती. चेहऱ्यावर उन्हाची तिरीप, आणि काय त्या सुरकुत्या!

"थांब रे दत्तू, रेशमी लुगडं नेसून येते."

"नको अक्का, हे विटकंच असू दे. आणि हसू नकोस."

हे आम्हा हौशी लोकांचं शास्त्र आहे. मासिकांना बिडी ओढणारा म्हातारा आवडतो, बैलगाडीचं चाक आवडतं आणि सुरकुत्या आवडतात. सुरकुत्या हा माझा प्रांत. साध्या डबा कॅमेऱ्यापासून आताच्या दोन भिंगांच्या जर्मन कॅमेऱ्यापर्यंत मी त्याच टिपत आलो. बायको म्हणते, "माझा फोटो काढायला मी म्हातारी व्हायची वाट बघताय का?"

बंगलोरला उतरलो तेव्हा स्वेटरमधूनही गारठा लागत होता. जटका (टांगा) केला आणि वाटेतच जटकेवाल्याला अंक उघडून दाखवला. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "स्वल्प (जरा) बाजूला घ्या सार, घोडा दिसत नाही."

व्यंकटचं घर जयनगरात. वसाहत अगदी नवी, रस्ते सरळ आखलेले, कडेची झाडं कमरेएवढी. घरात मात्र जत्रा. अक्काचे तिन्ही मुलगे, सुना, नातवंडं, वर शेजारी. उप्पिट्टू (उपमा) आणि कॉफी आली, आणि मी एखाद्या जादूगारासारखा अंक काढला.

अक्काने चष्मा लावला. "अय्यो, माझं नाक एवढं आहे?"

"आहे," व्यंकट म्हणाला.

"आणि खाली काय लिहिलंय? ललिता, तू वाच."

ललिता धाकटी सून, इंग्रजी शिकलेली. तिने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे मला आठवलं की खाली काय आहे. शीर्षक मीच पाठवलं होतं. अर्थ असा, की 'जिचं कुणी नाही'. मासिकांना दुःख लागतं. अक्काकडे ते सापडेना, म्हणून मी पुरवलं होतं. छापून आल्यावर मी फक्त माझं नाव वाचत बसलो.

"काय गं, दातखीळ बसली?"

"लिहिलंय, 'बंगलोरची आई'," ललिता म्हणाली. मग माझ्यासमोर कॉफीचा पेला असा आदळला की निम्मी कॉफी माझ्या पायजम्यावर. "आणखी देऊ ना, भावजी?"

अक्का खूश. "सरी, सरी (बरं, बरं). व्यंकट, ह्याला काच लावून आण, बाहेरच्या खोलीत टांगू. खालची ओळ कापू देऊ नकोस हं!"

व्यंकटने मागून वाकून ती ओळ वाचलीच होती. तो छताकडे बघत म्हणाला, "बरं अक्का."

दुपारी मी लालबागेत पळालो. बाकावर एक म्हातारा बसला होता, माझ्या प्रांतातला अस्सल माल. पण ह्याच्याही घरी कोणकोण असेल, या विचाराने बटण दाबवेना. शेवटी फुलांकडे वळलो. फुलांना नातेवाईक नसतात. एका डेलियासाठी जमिनीवर आडवा झालो, तर माळ्याला वाटलं मला घेरी आली. "एनायितु सार? (काय झालं साहेब?)" म्हणत त्याने झारी माझ्या डोक्यावर रिकामी केली. त्या दिवशी मला ते योग्यच वाटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. अक्का दूधवाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांना अंक दाखवी. शेजारचे निवृत्त मास्तर ती ओळ वाचून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. अक्काला वाटलं, ते गहिवरले. जेवताना ती माझ्या भातावर तुपाची धार धरी आणि म्हणे, "वाळलाय बघा पोरगा." मी मान खाली घालून जेवत असे.

निघायच्या दिवशी ती स्वतः स्टेशनवर आली. व्यंकट आणि ललिता बरोबर होते. खिडकीतून तिने चित्रान्नाचा (लिंबू पिळलेल्या भाताचा) डबा माझ्या हातात दिला. "चौकट उद्या मिळणार. दारातून आत आलं की समोरच दिसेल अशी लावते."

मी ठरवलं होतं, पुण्याहून व्यंकटला लिहू, तो काहीतरी करेल. पण डबा गरम होता. आणि मला ती पडवी नीट आठवली. त्या दिवशी अक्का एकटी नव्हतीच. दोन्ही बाजूंना सुना बसून सोलत होत्या, एक नातू मांडीवर होता. चौकटीत गर्दी होते म्हणून मीच सगळ्यांना उठवलं होतं. इतकी वर्षं मी चेहऱ्यांच्या जवळ जवळ जात राहिलो, आणि दर वेळी चेहऱ्याभोवतीची माणसं कडेला ढकलत राहिलो. ह्यालाच मी कला म्हणत आलो.

"अक्का," मी म्हणालो, "खाली 'आई' असं लिहिलेलं नाही. 'जिचं कुणी नाही' असं लिहिलंय. ते मी लिहिलं."

ललिताने डोळे मिटले. व्यंकट गाडीवरची पाटी वाचू लागला. शिट्टी झाली. अक्काने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाडी हलली, तशी ती खिडकीचा गज धरून दोन पावलं चालली आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशी ओरडली:

"कुणी नाही? मग तू कोण रे, मेल्या?"