ओळीवर बोट: इंदापूरकडचा एक इंग्रजीचा तास

लोक बारामतीला जातात ते पाहुण्यांकडे, नाहीतर कामाला. मी गेले इंग्रजीचा तास बघायला! गोष्ट नव्वदच्या दशकातली. माझी बी.एड.ची मैत्रीण सुमन कदम इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायची. एके दिवशी तिचा एसटीडीवरून फोन. "अगं, शनिवारी माझ्या वर्गात पालक बसणारेत. पोरं नुसती भांडतात आणि वह्या कोऱ्या, अशी तक्रार आहे. त्यांना पटलं नाही, तर हेडमास्तर म्हणतात, गाईड पाठ करून घ्या. तू ये ना." मी पुण्यात मुलींच्या शाळेत तोच विषय शिकवायचे, आणि माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची. म्हटलं, बघू तरी कसली भांडणं ती!

शुक्रवारी स्वारगेटवरून सुप्यामार्गे जाणारी एसटी पकडली. सुप्याच्या आसपास नुसता माळ, वाळलं गवत आणि मधूनच मेंढरं. बारामती जवळ आली की कालव्याचं पाणी दिसतं आणि मग ऊसच ऊस. घाई असेल तर गाळपाच्या दिवसांत जाऊ नका बरं, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत राहते. स्टँडजवळ परवडणारे लॉज आहेत; पण मला मावसबहीण होती, तेव्हा बाजरीची भाकरी, ठेचा आणि "एवढंसंच खातेस?" हे सगळं फुकट.

शनिवारी सकाळची शाळा. पहाटेच्या इंदापूर गाडीने फाट्यावर उतरले आणि पुढे चालत गेले. नववीच्या वर्गात बाकं भिंतीला लावलेली, मुलं जमिनीवर गोल बसलेली, गावकी भरावी तशी. मागे सतरंजीवर पालक, दाराशी खुर्चीत हेडमास्तर. सगळ्यांत पुढे एक पागोटेवाले तात्या, ज्यांनी तक्रारीचा पुढाकार घेतला होता. त्यांची मुलगी सारजा याच वर्गात.

सुमनचा नियम एकच. उतारा वाचायचा, मग बाजू घ्यायची. पण उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवल्याशिवाय बोलायचं नाही. आधी मराठीत बोललं तरी चालेल, मग तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत. त्या दिवशीचा उतारा असा: एक म्हातारी आपली एकुलती एक गाय विकते आणि दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते. प्रश्न: का गेली?

"दावं आणाया!" मुलांनी एकच गिल्ला केला. तिकडे जनावर विकलं तरी त्याला बांधायचं दावं विकत नाहीत, ते आपल्याकडेच ठेवतात. मागचे पालकसुद्धा माना डोलावू लागले. एक आबा तर म्हणाले, "व्हय की, म्हातारी इसरली आसंल!"

"ओळ दाखवा," सुमन म्हणाली.

मुलांनी उतारा वरून खाली, खालून वर धुंडाळला. दाव्याचा पत्ताच नाही! पोरं हसायला लागली, आणि आबाही. मग सुमनने गाईडमधलं उत्तर सांगितलं: म्हातारीला पस्तावा झाला, गाय परत मागायला ती गेली.

"नो, मॅडम."

सारजा होती. एवढीशी पोर, बोट उताऱ्यातल्या एका ओळीवर.

तात्या ताडकन उठले. "ए सारजे! बाईस्नी उलट बोलतीस व्हय? ह्येच शिकिवत्यात का हितं?"

सुमनचा चेहरा पांढराफटक. सारजाने मान खाली घातली, पण बोट ओळीवरून काही हलवलं नाही. "शी ब्रॉट ग्रास," तिने वाचलं. "शी डिड नॉट ब्रिंग मनी." मग वडिलांकडे वळून हळूच म्हणाली, "तात्या, तिनं गवत आणलंया. पैकं न्हाईत आणलं. गाय माघारी न्यायाची आसती तर पैकं आणलं आसतं. ती निस्ती चाराया गेलीया."

सुमन म्हणाली, "सारजाचं बरोबर. माझं चुकलं."

झालं! मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हंजी बाईस्नीच येत न्हाय." आता सगळं मुसळ केरात, असं मला वाटलं. तेवढ्यात तात्या म्हणाले, "गप बसा ओ." आणि मुलीला, "परत वाच."

तिने वाचलं. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "आमी मेंढरं इकली तवा माझी आय आशीच गेलती. पाला घिऊन." आणि हेडमास्तरांकडे वळून, "सर, हितलं काय बी बदलू नगा."

बाकीच्यांनी कुरकुर केली, पण तात्यांपुढे कोण बोलणार? तास तसाच चालू राहायचं ठरलं. सुमनने माझा हात इतका दाबला की बांगडी वाढली.

निघताना तात्या फाट्यापर्यंत सोबत आले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "बाई, आमच्या घरात हिनं कुनाला 'न्हाय' म्हनल्यालं म्हाईत न्हाय. जेवाण कमी पडलं तरी न्हाय. आज पयल्यांदा ऐकलं."

परतीला सोलापूर रस्ता धरा आणि भिगवणला उतरा. उजनीच्या पाण्यातले ताजे मासे, झणझणीत रस्सा. मी डोळ्यांतून पाणी काढत दोनदा मागून घेतला.

सोमवारी माझा तास. तोच उतारा मी फळ्यावर लिहिला, तोच प्रश्न विचारला, आणि मुद्दाम गाईडमधलं चुकीचं उत्तर सांगितलं. सगळ्यांनी मुकाट वहीत उतरवून घेतलं. खडू हातात धरून मी वाट बघत राहिले. एकही मुलगी 'नाही' म्हणाली नाही.