चेंडू काय सडतोय व्हय?

आमच्या गावच्या खाला, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, खरबुजांना शिव्या द्यायच्या. रोज सकाळी तलावाच्या गाळात उतरून एकेका फळापाशी वाकायच्या आणि ओरडायच्या, "मेल्या, अजून झोपलास व्हय?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी काठावर दात घासत होतो. मला वाटलं, मलाच. "उठलो, खाला!" म्हणून मी जे ओरडलो, त्यावर गाव वर्षभर हसलं.

पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात खरबुजं लावायची, ही त्यांच्या घरची पिढीजात गाळपेर. देठानं आपण होऊन सोडल्याशिवाय त्या फळ तोडत नसत. आणि वेलात जे पडेल ते त्यांचं. कुणाचा पतंग, कुणाची चप्पल. माझी टोपी वाऱ्यानं तिथं गेली, ती खालांनी बुजगावण्याला घातली. त्याला ती माझ्यापेक्षा शोभायची, असं त्याच म्हणायच्या.

निजामी अंमल होता. हैदराबादच्या बड्या साहेबांचे गोल्फचे सामने पूर्वी आमच्या तलावाकाठी व्हायचे. इथली हवा थेट समुद्रावरची, असं ते म्हणत. समुद्र आम्ही कुणी पाहिला नव्हता, तरी छाती फुगवून फिरायचो. मधे बरीच वर्षं सामने दुसरीकडे गेले आणि त्या साली परत आले. मी तहशिलीत कारकून. सगळ्यांत जास्त मीच नाचलो. मग हुकूम आला, गाळ साफ करा. खरबुजं पिकायला आठवडा राहिला होता.

निरोप सांगायला मलाच धाडलं.

"आठ दिस थांबा म्हनावं," खाला म्हणाल्या. "त्यांचा चेंडू काय सडतोय व्हय?"

मी रात्रभर घोकून हे साहेबांपुढं अस्सल उर्दूत मांडलं. 'हुजूर', 'गरीबपरवर', सगळं घातलं. साहेबांनी माझ्या उर्दूची तारीफ केली आणि वखर जुंपायला सांगितला.

सामन्याच्या दिवशी खाला वखरलेल्या गाळात फतकल मारून बसल्या. एका साहेबाचा चेंडू नेमका त्यांच्यापाशी पडला. त्यांनी तो उचलून ओटीत टाकला. मला पुन्हा पिटाळलं. सोबत शिपाई.

"त्या दिशी लई बोललास म्हनं त्यांच्याम्होरं?"

"लई बोललो, खाला."

"मग आज गप ऱ्हा."

शिपाई गुरकावला, "ए म्हातारे, चेंडू दे!"

"वेलात पडलं ते माझं."

"वेल कुठंय इथं?"

"तेच म्या इचारतेय," खाला म्हणाल्या. "कुठंय?"

शिपाई खाली बघू लागला. त्या साहेबानं पिशवीतून दुसरा चेंडू काढला. पिशवी भरलेली होती चेंडूंनी! खेळ पुढं चालू. टाळ्यासुद्धा वाजल्या.

खाला जवळच्या वाशी गावी बहिणीकडं गेल्या, त्या परतल्याच नाहीत. पुढं निजाम गेला, साहेब गेले. तलाव दर उन्हाळ्यात तसाच हटतो आणि गाळ नुसता भेगाळून पडतो. आजही कुणी भला माणूस म्हणतो, "तुमची उर्दू काय सुंदर आहे हो!" आणि माझ्या तोंडात खालांची सगळ्यांत कडक शिवी येते.