फोर्कलिफ्टवर लागलेला डोळा

"तांबे, तुम्ही आळशी नाही. झोपेत तुमचा श्वास थांबतो." वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाई असं म्हणाल्या आणि मला चक्क हायसं वाटलं.

आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा आतून मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकवून जागं करतो. रात्रभर हेच चालतं, पण सकाळी काही आठवत नाही. मी आपला फिरत्या शिफ्टला दोष देत होतो.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची काट्यांची गाडी, चालवतो. एकदा फर्स्ट शिफ्टला, चालत्या गाडीवर माझा डोळा लागला. पॅकिंगच्या वंदनाताई किंचाळल्या म्हणून ब्रेक दाबला. गाडीचे काटे त्यांच्यापासून हातभर लांब थांबले.

"तांबेभाऊ, माझी पोरगी दहावीला आहे हो," एवढंच त्या म्हणाल्या. निष्काळजीपणाचा मेमो मिळाला, पण त्याहून हे वाक्य लागलं.

घरी सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, तुम्ही घोरता घोरता एकदम गप्प होता. मी हलवून बघते." हे ती आधीही सांगायची. मी हसण्यावारी न्यायचो.

या वेळी मात्र डॉक्टरांकडे गेलो. मग स्लीप स्टडी झाली. म्हणजे अंगाला वायरी लावून एक रात्र हॉस्पिटलात झोपायचं. रिपोर्ट देताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "झोप सुधारेपर्यंत फोर्कलिफ्ट बंद. कामावर सांगा."

सांगितलं तर गाडी कायमची जाईल, ही धास्ती होती. दोन दिवस रजा टाकून घरी बसलो. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट कदमसाहेबांच्या, म्हणजे आमच्या सुपरवायझरच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "स्टोअरला बस, जनरल शिफ्ट. डॉक्टरने लिहून दिलं की गाडी तुझी." मग दार लोटून हळूच विचारलं, "घोरताना मधेच थांबतो म्हणजे... आमची मिसेसपण हेच बोलते रे."

त्यांनाही वाशीचा पत्ता दिला.

उपचार म्हणजे सीपॅप मशीन. नाकावर मास्क लावायचा, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. पहिला आठवडा मी झोपेतच मास्क ओढून फेकायचो. दहाव्या सकाळी उठलो तर डोकं हलकं. इतकं हलकं की घाबरलो!

दोन महिन्यांनी गाडी परत मिळाली. शिफ्टवाल्या मित्रांनो, कामावर डुलकी येत असेल तर लाजू नका, तपासून घ्या. आणि घरचं माणूस काय सांगतं ते ऐका.

सुनंदा आता सलग झोपते. इतकी वर्षं ती माझ्या श्वासावर पहारा देत होती, हे मला आजाराचं निदान झाल्यावर कळलं.