पेवसाहेबांचा पत्ता

मामा गेल्याची तार साताऱ्याला आमच्या कॉलेजात आली तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. तार वाचली, घडी केली आणि पुढची चार नावं तशीच पुकारली. मग पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, बसा." त्याला आता दीड महिना झाला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मूळ कडेगावकडचे, ऊसवाल्या घरातले. सांगलीला जीवशास्त्र शिकवायचे आणि घरातल्या पुढच्या खोलीतून एक इंग्रजी त्रैमासिक काढायचे. त्यात नवे प्रयोग छापत नसत. एखाद्या विषयावर जगात आजवर काय काम झालं, त्याचा आढावा असे. जंतू, पिकं, मळीपासूनचा मद्यार्क, दह्याचं विरजण... सगळी शास्त्रं एका पंगतीला. मामा इंग्रजीत छापायचे, पण बोलायचे गावाकडचंच. लेखकांना अट एकच: "वाचलं न्हाई त्याचं नाव घ्यायचं न्हाई."

आणीबाणी उठली त्या वर्षी मी त्यांना साठवणीतल्या हळदीच्या बुरशीवर लेख दिला. शेवटी साठ संदर्भांची भरगच्च यादी. लेखापेक्षा यादीचाच मला अभिमान. त्यातले बरेचसे मी दुसऱ्यांच्या याद्यांतून उचललेले. कुणाच्या तरी टिपणात बुरशीच्या एका नमुन्यापुढे इंग्रजीत 'पेव, एच.' असं होतं. मी त्याला संशोधक समजलो आणि मजकुरात दोनदा त्यांचे आभारही मानले.

अंक निघाला. तीन महिन्यांनी जर्मनीहून मामांना पत्र आलं, की डॉ. पेव यांचं काम मोलाचं दिसतं, कृपया त्यांचा पत्ता कळवावा. मामांनी मला कार्ड टाकून बोलावून घेतलं. सायकलच्या कॅरिअरवर बसवलं (माझं वय तेव्हा बेचाळीस) आणि नदीकाठानं हरिपूरला नेलं. तिथं हळदीची पोती उतरत होती. एका म्हाताऱ्या हमालाला मामा म्हणाले, "सायबांना पेव दाखवा."

त्यानं जमिनीतल्या भोकाकडं बोट केलं. "ह्ये काय. लय वाकू नगा, आत वाफ असती. माणूस मरतंय."

"पेव, हरिपूर," मामा मला म्हणाले. "घ्या पत्ता लिहून."

हळद जमिनीखाली ज्या खड्ड्यात साठवतात, ते पेव. माझं बालपण सांगलीच्या हळदबाजारात गेलेलं. पण इंग्रजी अक्षरांत आलं म्हटल्यावर खड्डासुद्धा मला डॉक्टर वाटला.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. विभागप्रमुखपदाची माझी मुलाखत महिन्यावर आली होती. परतताना मागं बसून मी त्यांच्या पाठीला म्हणालो, "मामा, दुरुस्ती छापाल तेव्हा माझं नाव नको." ते म्हणाले, "बरं."

पुढच्या अंकात दोन ओळी आल्या: पेव नावाचे कुणी संशोधक नाहीत. चूक संपादकाची. सल्लागार मंडळातल्या दोघा मोठ्या प्राध्यापकांनी नावं काढून घेतली, लेख येईनासे झाले, आणि आणखी दोन अंकांनंतर त्रैमासिक बंद पडलं. मी विभागप्रमुख झालो. पेढे घेऊन सांगलीला गेलो, तर मामांनी दोन खाल्ले.

परवाच्या शोकसभेत त्यांच्या एका सहकाऱ्यांनी हा किस्सा सांगितला. मामांचा वेंधळेपणा म्हणून, अगदी प्रेमानं. सभागृह हसलं. मी व्यासपीठावर होतो... सगळ्यांत आधी मीच हसलो. म्हणून हे लिहितो आहे. पेवसाहेबांना जन्माला घातलं ते मी.

सभेनंतर मामांच्या घरी गेलो तर मामींनी अंकांचे गठ्ठे लावायला पुढच्या खोलीत बसवलं. प्रत्येक लेखाच्या संदर्भांपुढे पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. "एकेक हुडकत पुण्याच्या लायब्ररीत जायचं," मामी म्हणाल्या. "सवता वाचलं, की मगच खूण." मी माझ्या लेखाचं पान काढलं. एक ते साठ, एकही खूण नव्हती. मामींनी वाकून पाहिलं. "तुजा व्हय? तवा म्हनलं हुतं मी, ह्यो तपासायचा न्हाई का? तर ह्ये म्हनलं, त्यो आपला सदा हाय की."

मामी चहा ठेवायला आत गेल्या. टेबलावरच्या पेल्यातली पेन्सिल घेऊन मी खुणा करायला बसलो, जे खरंच वाचले होते त्यांच्यापुढे. चहा यायच्या आतच संपल्या. अकरा झाल्या.