वाढदिवसाच्या दिवशी काढलेली लिमिट

"मॅडम, थे तुमची लिमिट काढून टाका. व्हिडिओ मुंगीच्या पायानं चालून राह्यले."

सकाळी सकाळी मॅनेजरसाहेबांचा फोन. रिसोड तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सभासद होऊन काढलेल्या एका कंपनीचे ते मॅनेजर. त्या दिवशी कंपनीच्या अध्यक्षांचा, म्हणजे भाऊंचा, वाढदिवस होता. मी वाशीमला बसून त्या कंपनीचा सर्व्हर सांभाळत होते. सर्व्हर म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. ऑफिसच्या कपाटाशेजारी ठेवलेला, रात्रंदिवस चालू असलेला एक दणकट कॉम्प्युटर.

त्यावर दोन कामं चालायची. पहिलं विजेच्या इशाऱ्याचं. परतीच्या पावसात आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू असते, सगळा गाव उघड्या शिवारात असतो, आणि विजाही नेमक्या याच दिवसांत पडतात. हवामानाचा इशारा आला की एक प्रोग्राम ढग कोणत्या गावावर आहे ते बघायचा आणि तिथल्या सभासदांना आपोआप फोन लावायचा. एरवी त्याचं नावही कोणी काढत नसे.

दुसरं काम शुभेच्छांचं. वाढदिवसाचा बॅनर चौकात लागतो, खाली शुभेच्छुकांचे फोटो असतात, हे आपण सगळे बघतो. भाऊंच्या मंडळींना त्याच्या पुढचं हवं होतं. प्रत्येक सभासदाचा वेगळा व्हिडिओ. वर भाऊ, खाली शुभेच्छुक म्हणून तो सभासद, मध्ये हलणारा हार. तो सभासदाच्या मोबाइलवर जाणार आणि त्याने स्टेटसला ठेवायचा.

व्हिडिओ बनवणं कॉम्प्युटरला जड जातं. त्याला मेमरी लागते. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. काम करताना सगळं सामान तिथेच मांडावं लागतं, आणि ओटा भरला की कोणालाच काही करता येत नाही. म्हणून मी लिमिट बांधली होती. सगळ्या व्हिडिओंनी मिळून ओट्याचा चौथा हिस्सा वापरायचा, वर इंचभर नाही.

"संध्याकाळपर्यंत सगळ्यांना जातील, साहेब."

"संध्याकाळी काय फायदा? दुपारी केक हाय. लोकं स्टेटस कवा ठेवतीन?"

"आभाळ आलंय. विजेचा प्रोग्राम त्याच मशीनवर आहे."

"दोनी चालतीन नं. तुमी लय भेता, मॅडम."

मी नाही म्हटलं. त्यांनी फोन ठेवला आणि व्हिडिओचं काम घेतलेल्या अकोल्याच्या कंत्राटदाराला लावला. सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याकडेही होता. त्याने माझी लिमिट काढली आणि स्वतःची घातली: एका व्हिडिओला इतकीच मेमरी. कागदावर लिमिट आहेच! पण एका वेळी किती व्हिडिओ, यावर काहीच नाही. पंगतीत माणशी दोनच जिलब्या असा नियम करायचा आणि पंगतीला अख्खा तालुका बसवायचा, त्यातली गत. शेकडो व्हिडिओ एकदम सुरू झाले. मला कोणी कळवलं नाही.

मेमरी संपली की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी एखादा प्रोग्राम मारून टाकतं. आम्ही 'किल' म्हणतो. कोणाला मारायचं? सहसा जो एकटा सर्वांत जास्त जागा अडवून बसलाय त्याला. व्हिडिओ एकेकटे बारके होते. विजेच्या प्रोग्रामने मात्र सगळ्या गावांचे नकाशे मांडून ठेवलेले. मशीनने त्यालाच मारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो आपोआप पुन्हा उठेल अशी सोय मी केलेली होती. तो उठला, पुन्हा मारला गेला, पुन्हा उठला. शेवटी मशीनने त्याचा नाद सोडला.

प्रत्येक इशाऱ्याचा फोन मलाही यायचा. दुपारी वाशीमला खिडक्या हादरल्या, तरी माझा मोबाइल गप्प. मी घाईने सर्व्हर उघडला. विजेचा प्रोग्राम बंद पडलेला, मशीनभर व्हिडिओ. सगळे व्हिडिओ बंद केले, विजेचा प्रोग्राम सुरू केला. अडकून पडलेले इशारे धडाधड जायला लागले. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची अजून चीड येते.

लगेच मॅनेजरसाहेबांचा फोन. "मॅडम, व्हिडिओ काहून थांबवले?"

मी उत्तर देईपर्यंत त्यांच्या ऑफिसात कोणीतरी ओरडत आलं. रिठद गावच्या शिवारात वीज पडली होती. किसनराव नावाच्या सभासदाच्या पत्नी, सुनीताबाई, सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकून बाभळीखाली थांबल्या होत्या. जागच्या जागी गेल्या.

तेरवी झाल्यावर किसनराव ऑफिसात आले. मलाही बोलावलं होतं. भाऊ मान खाली घालून बसले होते. मॅनेजरसाहेबांनी हात जोडले.

"दादा, आमच्याकून फोन गेला होता. रेकॉर्ड हाय."

"गेला नं सायेब. आला मले," किसनराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तिले गाडीत टाकून राह्यलो होतो, तवा आला. झाडाखाली थांबू नका मनते. तुमचा व्हिडिओ त्याच्या आंधी आला होता. थो बराबर टायमावर आला."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. लिमिट कशी होती, कोणी काढायला लावली, कोणी काढली. मॅनेजरसाहेब मधेच "मॅडम, मॅडम" करत होते. मी थांबले नाही.

किसनरावांनी ऐकून घेतलं. "माहा नंबर काढून टाका," एवढंच म्हणाले.

संचालक मंडळाने 'तांत्रिक बिघाड' असं लिहून विषय मिटवला. माझं काम पुढच्या महिन्यात दुसऱ्याला दिलं. जाताना मी विजेच्या प्रोग्रामला वेगळं मशीन मागितलं, ते मात्र मुकाट्याने मिळालं.

बिघाड कुठेच नव्हता. मशीनने सांगितलेलंच केलं. लिमिट बांधायला मला पाच मिनिटं लागतात. कोणाचा फोन आला तरी विजेच्या प्रोग्रामला धक्का लागणार नाही, एवढी सोय करायला कंपनीला मात्र एक बाई मरावी लागली.