गादीवाल्याच्या लेकीच्या शिंका

गल्लीच्या कोपऱ्यावर गादीवाल्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हीकडे कापूस. त्याच्या भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. सात वर्षांच्या एकुलत्या लेकीसाठी त्याने स्वतः हातभर जाड गादी आणि पाच उशा शिवल्या होत्या.

पण लेक सकाळी उठली की शिंका सुरू. एक नाही, दोन नाही, सलग पंधरा. नाकाला धार, डोळे लाल. तळहाताने नाक वर घासून घासून त्यावर आडवी रेघच उमटली होती.

"सर्दी आहे, जाईल," म्हणता म्हणता चार महिने गेले. मग गादीवाला गुन्हेगार शोधायला लागला. बायकोची पावडर बंद केली. खिडकीतली फुलझाडं उपटली. शेवटी शेजारच्या मावशींच्या मांजरीवर आळ घेऊन कडाक्याचं भांडण केलं. शिंका होत्या तिथेच.

"जरा आपल्या घरातही बघा की," बायको म्हणाली.

"आपल्याकडे काय आहे? नुसता कापूस!"

शेवटी बायकोने दोघांना दवाखान्यात नेलं. कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघायला डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या हातावर वेगवेगळ्या अर्कांच्या थेंबांची ओळ लावली, प्रत्येक थेंबावर हलकंसं टोचलं आणि पंधरा मिनिटं थांबवलं. मांजर, काही नाही. पराग, काही नाही. शेवटच्या थेंबाखाली मात्र डास चावल्यासारखी गांधी उठली.

"हे कशाचं?" गादीवाल्याने विचारलं.

"धुळीतल्या किड्यांचं. डोळ्यांना दिसत नाहीत. गाद्या-उशांत राहतात."

तो ताडकन उठला. "माझ्या गादीत किडे? वीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही!"

"अहो, माझ्याही गादीत आहेत. बसा."

लेक खुदकन हसली आणि लगेच शिंकली.

तिसऱ्या दिवशी गादीवाल्याने लेकीच्या पाचातल्या चार उशा काढून टाकल्या, गादीला घट्ट विणीची, चेनची खोळ शिवली. चादरी दर आठवड्याला कडकडीत पाण्यात जायला लागल्या. दुकानातून आला की आंघोळ केल्याशिवाय लेकीला जवळ घेईना. मावशींकडे जाऊन मांजरीची माफी मागितली.

"तिची मागितलीत, माझी कोण मागणार?" मावशी म्हणाल्या. तीही मागितली.

डॉक्टरीणबाईंनी दिलेला नाकातला फवाराही चालू होताच. दीड महिन्यात शिंका तीनवर आल्या.

आता गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारतो, "घरात कुणी शिंकतं का?" आणि किड्यांचं रसभरीत वर्णन सुरू करतो. परवा एक बाई ऐकता ऐकता दचकून उभ्याच राहिल्या. त्या दुकानातल्या गादीवर बसल्या होत्या. बायकोने कपाळावर हात मारला.