नऊ मिनिटांचं रडणं

मागच्या महिन्यापर्यंत दर मंगळवारी सकाळी साडेदहाला मी एका पत्र्याच्या शेडमध्ये रडत होते. एकतीस वर्षं. स्वतः हजर न राहता, कारण ते रडणं कॅसेटवर आहे आणि ती कॅसेट वाजवणारी बाई माझी आई आहे.

आई एका विमान कंपनीत नव्या पोरापोरींना विमानातलं काम शिकवते. शेडमध्ये एक खोटं विमान आहे. भंगारात निघालेल्या विमानाचा मधला तुकडा, बारा रांगा, खुर्च्यांच्या हातात अजून जुने राखेचे डबे. खिडकीबाहेर आकाश नाही, शेडची भिंत आणि तिला टेकवलेली शिडी. सातव्या रांगेत खुर्चीखाली स्पीकर. तिथून मी रडायचे आणि पोरंपोरी हातात ट्रे घेऊन माझ्याकडे बघत उभी राहायची. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणतात. मागे 'चाबूक' म्हणतात, हे तिला ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

मला घरी 'भोंगा' म्हणतात. का, ते वेगळं सांगायला नको.

मी नऊ महिन्यांची होते. आई तेव्हा स्वतः विमानात काम करायची. बाळंतपणाची रजा संपत आली होती, म्हणून मला आजीकडे ठेवायला निघाली होती, त्याच कंपनीच्या विमानाने. कामावर जायचं म्हणून माझं अंगावरचं दूधही तिने महिनाभर आधीच सोडवलं होतं. विमान उतरायला लागलं तसे माझे कान दुखायला लागले आणि मी भोकाड पसरलं. मोठ्यांच्या कानात दडे बसले की ते आवंढा गिळून मोकळे होतात. तान्ह्या पोराला हे कोण सांगणार? त्याला काहीतरी प्यायलाच द्यावं लागतं. आईकडे दुधाची पावडर होती, गरम पाणी नव्हतं. तिने मागितलं. जिच्याबरोबर ती रोज डबा खायची तीच मैत्रीण म्हणाली की आता सर्व्हिस बंद झाली. पुढच्या खुर्चीतला गृहस्थ मान वळवून म्हणाला की पोरं सांभाळता येत नसतील तर बायकांनी घरी बसावं.

विमानातल्या घोषणांचा सराव करायला आई पर्समध्ये छोटा टेपरेकॉर्डर बाळगायची. तिने त्याचं बटण दाबलं. तुमच्या विमानात तुमच्याच माणसाचं पोर कसं रडलं, हे ऑफिसात नेऊन ऐकवायचं म्हणून.

या गोष्टीचा मला कितीतरी वर्षं राग होता. पोटचं पोर गळा काढून रडतंय आणि ही बया पुरावे गोळा करतेय. एकदा तिला तसं तोंडावर बोलले. ती म्हणाली, "एका हाताने तुला थोपटत होते. दुसरा रिकामा होता. तो कामाला लावला नसता तर कुणाच्या तरी थोबाडीत बसला असता."

मी नऊ मिनिटं रडले. मग टेपवर मागून, लांबून, एका म्हातारीचा आवाज येतो. अहो, एवढा थर्मास पुढे द्या, पोरीला काहीतरी गिळू दे, कान दुखत असतील तिचे. तो थर्मास तीन रांगांमधून हातोहात पुढे आला. बाटली हलवल्याचा आवाज येतो, मग माझ्या चोखण्याचा, आणि मग आई अगदी हळू म्हणते, "झालं हं भोंग्या, झालं." शेवटची दोन मिनिटं एवढीच.

आईच्या तक्रारीला कुणी भीक घातली नाही. कॅसेटची प्रत मात्र कंपनीने शिकवणीसाठी ताबडतोब काढून घेतली, कारण तोवर शेडमध्ये एक शिपाई तोंडाने ट्यँहा ट्यँहा करायचा आणि पोरं हसत सुटायची. पुढे थोड्याच दिवसांत आईच तिथे शिकवायला गेली. ती नऊच्या नऊ मिनिटं वाजवायची, टेप थांबवायची आणि विचारायची, आता काय करायचं? कुणी खुळखुळा म्हणायचं, कुणी म्हणायचं आईला समज द्यावी. मग ती शेवटची दोन मिनिटं लावायची. त्यानंतर विमान उतरायला लागायच्या आधी गरम पाण्याचा जग घेऊन प्रत्येक तान्ह्या पोराच्या रांगेत जायचं, कुणी मागायची वाट बघायची नाही, हे ती घोटून घ्यायची.

यंदा ग्राहकसेवेला नवा साहेब आला आणि त्याच्या डोक्यातून पिवळं कार्ड निघालं. मूल रडलं आणि दोन प्रवाशांनी तक्रार केली की आईबापाच्या हातात हे कार्ड द्यायचं. 'आपल्या मुलामुळे सहप्रवाशांना त्रास होत आहे. कृपया त्याला आवरावे.' दुसऱ्यांदा कार्ड मिळालं की पुढच्या खेपेपासून त्या कुटुंबाला शेवटच्या रांगेतच जागा. मी काही संत नाही. शेजारी पोर किंचाळलं की माझंही डोकं उठतं. पण हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, या माणसाने जन्मात पोर खांद्यावर घेतलं नसणार. चौकशी केली तर त्याला दोन आहेत. मग तर जास्तच संताप आला.

एका संध्याकाळी आई कामावरून आली ती चपला न काढताच बसली. कार्ड कसं द्यायचं हे तिनेच शिकवायचं होतं आणि त्यासाठी साहेबाने कॅसेटवरून नवं रेकॉर्डिंग बनवून दिलं होतं. तिने ते मला ऐकवलं. मी रडतेय, तोच जुना आवाज. दोन मिनिटांनी एक गोड आवाज म्हणतो, हे आपल्यासाठी. आणि मी गप्प. एकदम गप्प, सुरीने कापल्यासारखी. थर्मास नाही, म्हातारी नाही, आई नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या रडण्याबद्दल माया वाटली. दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की रडणं माझं आहे, वाजवायचं तर पूर्ण वाजवा, नाहीतर अजिबात नको. तो हसला. हे रडणं तुमचंच कशावरून, असं म्हणाला. तान्ही पोरं सगळी सारखीच रडतात.

पुरावा तर त्याने कापलेल्या तुकड्यातच होता. आईने पर्समधून मूळ कॅसेट आणि तो म्हातारा टेपरेकॉर्डर काढून त्याच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या मिनिटाला साहेब कागद चाळायला लागला. चौथ्या मिनिटाला तो पाणी प्यायला. सहाव्याला खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला, कळलं, सगळं ऐकायची गरज आहे का?

"बसा साहेब," आई म्हणाली. "पट्टा सोडू नका. विमान अजून उतरतंय."

तो बसला. म्हातारी बोलली, बाटली हलली, 'झालं हं भोंग्या' आलं. मग आईने माझं लहानपणचं पुस्तक पुढे केलं. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलंय, 'आमच्या भोंग्याला'. साहेबाने घाम पुसला. आईने त्याला विचारलं की या नऊ मिनिटांत तुम्हाला काय वाटत होतं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, कुणीतरी काहीतरी करावं असं वाटत होतं.

"कुणी?" आईने विचारलं. "तेवढं सांगा. उद्यापासून तेच शिकवते."

साहेबाने उठून केबिनचं दार उघडून धरलं. आठवड्याभरात पत्र आलं. तुमचं रडणं तुम्हाला लखलाभ, आम्ही दुसरं घेतलं आहे. ते दोन मिनिटांचं आहे. कार्डाचा धडा दुसरं कुणी शिकवेल, मॅडमनी फक्त आगीचा आणि दाराचा धडा घ्यावा. एकतीस वर्षांचं काम एका परिच्छेदात गुंडाळून टाकलं. मी घरात भांडी आपटत होते. आई टेपरेकॉर्डरचे सेल बदलत होती.

पुढच्या मंगळवारी ती मला म्हणाली, चल माझ्याबरोबर. दाराचा धडा झाला, जेवणाची सुट्टी झाली. आईने सगळ्यांना सांगितलं की ज्यांना भूक आहे त्यांनी जावं, आता जे शिकवणार आहे त्याची मला परवानगी नाही. अठराच्या अठरा थांबले. मी सातव्या रांगेत बसले, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन, आणि बटण दाबलं.

नऊ मिनिटं झाली तशी आईने हात वर केला. मी टेप थांबवला.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

कुणी खुळखुळा म्हणालं नाही. पहिल्या रांगेजवळच्या एका पोरीने खिशात हात घातला. नवा कडक गणवेश, वीस-एकवीसचं वय, चेहऱ्यावर शहाण्या विद्यार्थिनीचा उत्साह. तिने पिवळं कार्ड काढलं, सातव्या रांगेपर्यंत आली आणि दोन्ही हातांनी, शिकवल्याप्रमाणे, किंचित वाकून, माझ्यापुढे धरलं.

माझा हात तिच्यावर उठला असता. आई मात्र चिडली नाही. तिने मला खूण केली की कार्ड घे. मी घेतलं.

"दिलंस?" आई म्हणाली. "छान दिलंस. आता ऐक, ती थांबली का?"

मी टेप जरा मागे घेतला आणि बटण दाबलं.

मी थांबले नव्हते.